जाळ्यावर मांडलेलं इंजिन

कांद्याचं रोप लावायचे दिवस आले की आमच्या उत्तनात हवेला दोन वास येतात. एक नुकतं पाणी सोडलेल्या वाफ्यांचा, दुसरा बांबूंच्या वलांडींवर वाळत घातलेल्या बोंबलांचा. पाहुण्याला दुसरा सोसवत नाही आणि आम्हाला तो पहिल्यापासून वेगळा काढता येत नाही. भात कापून झालेलं असतं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात, सकाळचा वारा कानाला चांगलाच बोचतो. शाळेतली निम्मी मुलं आईबापांबरोबर वाफ्यात असतात आणि माझ्यासमोर रिकाम्या चटया. मास्तरीण म्हणून मी त्यांच्यावर रागवायला हवं. पण या दिवसांत माझंही मन वर्गात लागत नाही, तेव्हा रागवायचं कोणत्या तोंडाने?

यंदा मात्र गावाच्या या दिवसांत एक गोष्ट कमी आहे. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज. दरवर्षी या सुमाराला ते सकाळी सुरू व्हायचं आणि खाली कोळीवाड्यापर्यंत ऐकू जायचं. परवा शेजारची नताल कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिचाच बैल मागून आणून मी जुना रहाट चालू केला होता, तेव्हा विचारायचा तिला हक्कच होता.

"इंजान बिघरलं काय गो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "हां."

मुलांना रोज खरं बोला म्हणून सांगणारी बाई मी, आणि एका अक्षरात केवढं खोटं बोलून गेले. नताल बिचारी हळहळली आणि घरी गेली. मी बैलामागे फिरत राहिले. रहाटाच्या कुरकुरीत माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो, इंजिनाचं तसं नव्हतं.

हे इंजिन मुळात पाण्याचं नव्हेच. ते एका ट्रॅक्टरचं. लढाई सुरू व्हायच्या आधी पेणकरपाड्यापलीकडच्या खाजणात कुणा शेठने तो आणला होता. खारं पाणी अडवून तिथे भात पिकवायचा त्याचा बेत. तिथल्या लोकांनी सांगून पाहिलं की या चिखलात बैल पोटापर्यंत रुततो, तिथे लोखंडी चाकांची काय कथा. पण ऐकेल तर तो शेठ कसला. तिसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर आसापर्यंत खाली गेला आणि पुढे दोन पावसाळे बगळ्यांना बसायच्या कामी आला. माझा नवरा इनास तेव्हा मुंबईत मोटारी दुरुस्त करायचं काम शिकून गावी परतला होता. कोळ्याच्या पोटी जन्मलेला, पण जीव मासळीत नव्हता, लोखंडात होता. तो शेठच्या मुकादमाला जाऊन भेटला आणि म्हणाला, तुमची जागा मी मोकळी करून देतो, त्यातलं इंजिन मला द्या. मुकादमाला वाटलं असेल, पीडा टळली.

ते इंजिन खाडीपर्यंत बैलगाडीने आणि तिथून माझ्या सासऱ्यांच्या होडीतून उत्तनला आलं. सासऱ्यांना सगळं गाव बा म्हणायचं, मीही बाच म्हणायचे. पोराच्या या लोखंडापायी वर्षभर माझ्या मासळीला रॉकेलचा वास येणार, असं ते सगळ्या बंदराला सांगत सुटले होते. पण इंजिन उतरवताना सगळ्यांत आधी खांदा त्यांनीच लावला. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. पडवीत नवी नवरी शोभावी तिथे इंजिन विराजमान झालं आणि मी आतल्या खोलीत. मी हे इनासला बोलून दाखवलं तेव्हा तो इतका हसला की मलाही रुसून बसता येईना. मग ते विहिरीवर बसवलं आणि तीन वर्षं त्याने आमच्या कांद्याला, वांग्याला पाणी पाजलं.

मग ते धूर ओकू लागलं. अशाच थंडीच्या दिवसांत इनासने ते परत पडवीत आणून उघडलं. खालचा जड सांगाडा पडवीत लाकडी ठोकळ्यांवर राहिला आणि बाकीचा एकेक भाग काढून त्याने डोलीच्या, म्हणजे बोंबील धरायच्या जुन्या जाळ्यावर मांडला. पिस्टन, त्यांच्या रिंगा, वॉल्व्ह, खाली क्रँकच्या फिरत्या दांड्याला धरून ठेवणाऱ्या लोखंडी टोप्या, आणखी कितीतरी. कागदावर नंबर लिहावा तर रॉकेलने धुऊन जातो, खडूने लिहावा तर हातानेच पुसतो. म्हणून त्याने कोळ्यांची रीत वापरली. प्रत्येक भागाला सुतळी आणि सुतळीला गाठी. जितक्या गाठी तितक्या नंबरच्या पिस्टनचा तो भाग, आणि गाठीचा पीळ ज्या अंगाला त्या अंगाला त्याचं तोंड. आमच्याकडे जाळ्यांची पानं, म्हणजे एकाला एक जोडायचे तुकडे, अशीच ओळखतात, अंधारातसुद्धा, नुसत्या बोटांनी.

ते सगळं मांडून होतंय तोच त्याच्या मावसभावाचा निरोप आला. मोठ्या बोटीवर इंजिनखान्यात माणसं हवी होती. तीन मजली उंच इंजिन, असं मावसभावाने कळवलं होतं. झालं, इनासच्या डोळ्यांपुढून ते हलेना. सहा महिन्यांची एक फेरी करून येतो म्हणाला. मी नको म्हटलं, मग भांडले, मग दोन दिवस बोललेच नाही. भाईंदरच्या स्टेशनावर जायला निघाला तेव्हा मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. पायरी उतरून तो पुन्हा वर आला. वाटलं, आता मला काही सांगणार. तो जाळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मी येईसतवर याला हात लावू नको गो. मीच जोरीन."

"मला काय पडलंय तुझ्या लोखंडाचं," मी म्हटलं. त्याच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य हे होतं, आणि पुढे चार वर्षं ते मलाच ऐकू येत राहिलं.

सहा महिने झाले, वर्ष झालं. लढाई तिकडून आपल्याकडे सरकत आली. पत्रं यायची, ती दोन-दोन महिने उशिरा, आणि त्यात बोट कुठे आहे हे काळ्या शाईने खोडलेलं असायचं. घरात बा आणि मी. बांची नजर मंदावत चालली होती, समुद्रावर जाणं सुटलं होतं, आणि मुलगा गेल्यापासून त्यांनी बोलणंही जवळजवळ सोडलं होतं. मला मूलबाळ नाही. शाळा सुटली की पडवीत येऊन मी त्या जाळ्यासमोर बसायचे. मला फार एकटं वाटायचं. ते कुणाला सांगायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून मी काम काढलं. समुद्राच्या हवेने लोखंड गंजेल, म्हणून दर शनिवारी प्रत्येक भागाला तेल लावायचं. जोडायचं नाही, जागा बदलायची नाही, फक्त तेल. याला हात लावणं म्हणत नाहीत, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

तेल कोणतं? आमच्या घरी तेल म्हणजे मुशी माशाच्या काळजाचं तेल. खाऱ्या पाण्यात होडीचं लाकूड वर्षानुवर्षं त्याच्यावर टिकतं. मग लोखंड का नाही टिकणार? मी लग्नातली साडी सांभाळणार नाही इतक्या मायेने एकेक पिस्टन चोळायचे. हाताला तो वास इतका मुरला की वर्गातली मुलं मी जवळ गेले की नाक आवळून पाटीत डोकं घालायची. असे शंभराच्या वर शनिवार गेले. त्यातल्या शेवटच्या कित्येक शनिवारांत पत्र आलं नव्हतं.

पत्र नाही म्हटल्यावर लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. तो हळू आवाज मला सहन होत नसे. पाद्रींनी एका रविवारी प्रवचनानंतर मला थांबवून समुद्रावर असलेल्यांसाठी प्रार्थना सांगितली, ती मी म्हटलीही. पण मनात आलं, समुद्रावर असलेल्यांसाठी म्हणताय की समुद्रात गेलेल्यांसाठी, एकदा धड सांगा.

मग कांद्याच्याच दिवसांत एका शनिवारी मी पिस्टन हातात घेतला आणि पाहिलं तर रिंग हलेना. रिंग आपल्या खाचेत मोकळी फिरायला हवी, एवढं मी इनासच्या शेजारी बसून शिकले होते. दुसरा घेतला, तीच गत. वॉल्व्ह एकमेकांना चिकटलेले. मुशीचं तेल थरावर थर वाळून फणसाच्या चिकासारखं घट्ट झालं होतं. लाकडाला जे तारतं त्याने लोखंडाला गिळलं होतं. गंजाने केलं नसतं ते माझ्या मायेने करून ठेवलं. मी तिथेच बसून रडले. बा खाटेवरून ऐकत होते. ते म्हणाले, "लोखंड बसून बसून मरतंय, माणसासारखं. तू जोर ते, पोरी."

मी म्हटलं, जोडू कसं, त्याने हात लावू नको म्हणून सांगितलंय. मीच दोन दिवस स्वतःशी भांडत राहिले. जोडलं तर तो येणार नाही हे मी कबूल केलं, असं होईल. न जोडलं तर तो आल्यावर त्याला काय दाखवू? हळूहळू मनाने तिसरंच धरलं. इंजिन चालू झालं, तो आला, कुंपणाबाहेरूनच त्याने आवाज ऐकला, तर या आवाजासाठी तरी तो इथे राहील. पुन्हा बोटीचं नाव काढणार नाही. हा विचार पटला आणि मी पदर खोचला.

रॉकेल तेव्हा दिव्यापुरतंही मिळायचं मुश्किलीने. मी पावसाळ्यातले कुबट कपडे धुऊन काढायची आईची रीत वापरली. चुलीतली राख पाण्यात भिजवून, निवळ गाळून, त्या पाण्यात पिस्टन, वॉल्व्ह, सगळं उकळायला ठेवलं, सुतळ्या न सोडता. गावात बातमी गेली की मास्तरीण लोखंडाची भाजी करतेय. चार दिवस उकळल्यावर चीक सुटला आणि रिंगा बोटाने फिरू लागल्या. झाकणांच्या बुडाखाली घालायच्या चकत्या मी शाळेच्या जुन्या हजेरीपटांच्या पुठ्ठ्यांतून कापल्या. कितीतरी मुलांची हजेरी त्या इंजिनात गेली आहे.

गाठी मात्र मला वाचता येईनात. किती आहेत ते मोजता येई, पण पीळ कुठल्या अंगाचा ते डोळ्यांना कळत नसे. बा म्हणाले, इकडे आण. ज्यांना समोरचं माणूस ओळखू येत नव्हतं ते बा सुतळी बोटांतून फिरवायचे आणि सांगायचे, हा दुसरा, याचं तोंड डोंगरी गावाकडे. मध्येच थांबून म्हणायचे, ही गाठ घाईत मारलीन, भूक लागली असेल. किंवा, ही मी शिकवली तशी न्हाय, त्याच्या आजाची हाय. तीन वर्षं एका छपराखाली आम्ही दोघं गप्प राहिलो होतो. त्या पंधरा दिवसांत इनासच्या गाठींवरून आम्ही जेवढं बोललो तेवढं मी माझ्या सख्ख्या बापाशी बोलले नाही.

सगळं जोडून हँडल घातलं. हँडल जागचं हलेना. मी लोंबकळले, नतालचा नवरा लोंबकळला, काही नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. माझा धीर सुटला. बांनी विचारलं, पहिला नंबर कुठून धरलास? मी सांगितलं, पुढून, पंख्याकडून. पुस्तक पहिल्या पानापासून उघडावं तसं. बा हसले. खूप दिवसांनी हसले.

"होडीत तांडेल कुठं बसतंय?" त्यांनी विचारलं. "मागं. मोजणी त्याच्यापासून. पोर ट्रॅक्टरच्या शिटावर बसलंय, तिथून मोजतंय."

इंजिन सगळं उलटं जोडलं होतं मी. चौथ्याच्या टोप्या पहिल्याला आणि पहिल्याच्या चौथ्याला, मग क्रँक फिरणार कसा. मुंबईत मोटारी शिकून आलेला माझा नवरा आतून होडी हाकणाऱ्या तांडेलाचाच मुलगा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या जोडणीनंतर चौघांनी ते विहिरीवर नेऊन बसवलं, दिव्याचं वाचवलेलं रॉकेल मी त्यात घातलं आणि एका दुपारी ते सुरू झालं. आधी खोकलं, मग थांबलं, मग एकदम धरलं. आत कुठेकुठे उरलेलं मुशीचं तेल जळू लागलं आणि निळा धूर पाड्यावर पसरला. लोक वाफ्यांतून माना वर करून एकमेकांना विचारू लागले की एवढी मुशी कुणाकडे तळतायत. बांनी अंगठ्याने इंजिनावर क्रूस काढला. पाटाला पाणी आलं. मी आनंदाने ओरडायचं ते राहिलं आणि मागे वळून पडवीकडे पाहिलं. तिथे रिकामं जाळं पडलं होतं. इतके दिवस ते भाग मांडलेले असताना कुणीतरी मध्येच उठून गेलंय, आता येईल, असं वाटायचं. आता तिथे कुणी उठून गेल्याची खूणच नव्हती. बांना दिसत नव्हतं म्हणून मी मोकळेपणाने डोळे पुसले.

लढाई संपली आणि पुढच्या कांद्याच्या दिवसांत इनास आला. हो, आला. माझ्यासारख्या बाईच्या गोष्टीत नवरा यायचा नसतो असं वाचणाऱ्याला वाटलं असेल, मलाही तसंच वाटू लागलं होतं. मी विहिरीवर होते. इंजिन चालू होतं. कुंपणाबाहेर ट्रंक खाली ठेवून एक माणूस कान देऊन उभा होता. अगदी मी मनात शंभरदा पाहिलं होतं तसा. फक्त त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिला होता तो आनंद नव्हता.

"कुणी जोरलं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, मी. आणि बा. आणि मग राखेचं पाणी, हजेरीपट, उलटी मोजणी, सगळं एका दमात सांगत सुटले. तो ऐकत होता, इंजिनाभोवती फिरत होता, हात लावत नव्हता. शेवटी म्हणाला, बरं जोडलंय. त्या रात्री तो बांच्या खाटेशी बसला, माझ्याशीही गोड बोलला, बोटीवरच्या गमती सांगितल्या. लढाईत त्याची बोट बुडाली होती, त्याचं मात्र फक्त एवढंच सांगितलं की पाणी गार होतं.

पुढचे कितीतरी दिवस तो सकाळी विहिरीवर जाऊन बसायचा. इंजिन सुरळीत चालायचं. करण्यासारखं काही नसायचं. एकदा मी भाकरी घेऊन गेले तेव्हा तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बोटीवर पाळी चार तासांची. कानठळ्या बसायच्या, मरणाची भीती वाटायची. मंग मी हे मनात जोरायला घ्यायचो. रोज. तिसऱ्या पिस्टनाशी आलो की पाळी संपायची. पुरं कधी झालंच न्हाय."

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. झालंच की पुरं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. पावसाळा सरला तसा तो पुन्हा बोटीवर गेला. या वेळी पायरी उतरून तो परत वर आला नाही.

मी चुकले का? किती वेळा हा हिशेब मांडला आणि पुसला. इंजिन मरत होतं, ते मी वाचवलं. कांदे वाचले, बांना बोलायला माणूस मिळालं. यात चूक कुठली? पण जी एक गोष्ट त्याला दूरवरून इकडे ओढत होती ती मी माझ्या हाताने बोल्ट आवळून संपवली, हेही खरं. मी त्याची वाट पाहत होते आणि तो त्या उघड्या इंजिनाची. आम्ही दोघं एकच वाट दोन टोकांनी पाहत होतो, फक्त त्याचं टोक मला कधी दिसलं नाही. कुणी सांगितलंही नाही, त्याने तर नाहीच.

त्याला आता तीन वर्षं झाली. मध्ये स्वराज्य आलं, बा गेले. बा गेल्याचं कळवलं तेव्हा त्याचं मोठं पत्र आलं होतं, एरवी तीन ओळी येतात. तब्येत बरी, बोट बरी, तू जप. इंजिनाविषयी तो विचारत नाही. चाललेल्या गोष्टीबद्दल काय विचारायचं असतं?

नतालशी खोटं बोलले ते याचसाठी. इंजिन बिघडलेलं नाही. गेल्या रविवारी मिस्सा आटोपून आले आणि मी ते उघडलं. चांगलं चालतं इंजिन, एकही आवाज वावगा नसलेलं. डोलीचं जुनं जाळं धुऊन पडवीत अंथरलं आणि एकेक भाग काढून त्यावर मांडला. बांनी मरायच्या आधी मला गाठी शिकवल्या होत्या, पीळ दोन्ही अंगांचे. शिटापासून मोजत गेले. बोटं सोलली, पण एकही गाठ चुकली नसावी. चुकलीच असेल तर त्याला ओळखू येईल की ही माझी आहे.

मग पत्र लिहिलं. शाळेत निबंधाची लांबी मोजून घेणारी मी, दोनच ओळी लिहू शकले. "इंजिन उघडून जाळ्यावर मांडलं आहे. तू येईपर्यंत मी हात लावणार नाही."

नतालचा बैल रोज परत द्यावा लागतो, म्हणून रहाट सकाळचाच चालतो आणि वाफ्यांना पाणी अर्धंच पोचतं. काल शनिवार होता. सवयीने मुशीच्या तेलाची बुधली घेऊन मी पडवीत आले आणि जाळ्यासमोर बसले. एका टोपीच्या कडेवर गंजाचा तांबूस ठिपका दिसत होता. बुधलीचं बूच काढलं, वास आला, आणि मी ते पुन्हा घट्ट लावलं. गंजू दे थोडं. आल्यावर त्याला करायला काहीतरी हवं.